कापसाच्या धुक्यातला खोकला

ती दुपार अजूनही स्वप्नात पाहिल्यासारखी आठवते. जळगाव जामोदकडच्या एका जिनिंग कारखान्यात आम्ही पोलीस पंचनाम्याला गेलो होतो. पत्र्याच्या फटींतून येणाऱ्या उन्हात कापसाचे तंतू संथ तरंगत होते. कापूस निवडणाऱ्या बाया धुक्यात बसल्यासारख्या दिसत होत्या.

त्याआधी एक वयस्क बाई ठाण्यात आली होती. "साहेब, माही सून कामावर जायाले भेऊन राह्यली. मुकादम गोदामात बोलावते अन् अंगाले हात लावते."

"मग तिला घरी का नाही बसवलं?" मी विचारलं.

"तिले काऊन बसवू? तिनं काय केलं?"

आमच्या हवालदारबाईंनी घरी जाऊन सुनेचा जबाब घेतला. गुन्हा दाखल झाला. चौकशीत मुकादम शांत होता. "साऱ्या मले पोरीवानी हायेत. इचारा कोणालेही." आम्ही विचारलं, तर बायांनी माना खाली घातल्या. काम जाण्याची भीती प्रत्येकीलाच होती.

पंचनाम्याच्या दिवशी गोदाम दाखवायला मुकादम आमच्या पुढे चालत होता. तो रांगेजवळ पोहोचला तशी एक बाई खोकली. मग दुसरी, तिसरी. तो खोकला त्या पांढऱ्या उजेडात त्याच्यासोबत सरकत गेला. मला वाटलं, कापसाची धूळ असेल. हवालदारबाई मात्र मागे थांबल्या आणि सगळ्यांत थोरल्या बाईजवळ बसल्या.

"मावशी, तो गेला अन् खोकला थांबला. काऊन?"

मावशीनं हातातला कापूस खाली ठेवला. "थो आला की खोकलायचं, असं ठरलं हाय आमचं. आतमंधी पोरगी एकटी असन तं तिले समजलं पाह्यजे."

"जबाब देता?"

"थे सून बोलली. मंग मी काऊन भेऊ? लिहा."

तिच्यामागून इतरही बोलल्या. दोषारोपपत्र गेलं, मुकादमाला शिक्षा झाली. कायद्यानं बंधनकारक असलेली तक्रार समिती मालकानं नेमलीच नव्हती. ती नेमावी लागली. सून पुन्हा कामावर जाऊ लागली.

"आमच्याकडे एकही तक्रार नाही," असं अभिमानानं सांगणारे मालक मी पुष्कळ पाहिले. आता कुठं बोलायला बोलावलं, की मी त्यांना एकच विचारतो: तुमच्याकडच्या बायका एकमेकींना कोणापासून सावध करतात? त्या बायकांना ते नाव माहीत असतं. ते मोठ्यानं उच्चारल्यावर त्यांचं काम जाणार नाही, याची हमी तुम्ही दिली आहे का?