उन्हाआडची बाई

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या तहसील आवारात टिनाच्या शेडखाली माझं ई-स्टॅम्पचं टेबल आहे. शेजारचं टेबल विनायकचं. लॅपटॉप, प्रिंटर आणि कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं लोखंडी वजन. लोक आपलं गाऱ्हाणं आपल्या बोलीत सांगतात, तो ते शुद्ध हिंदीत अर्ज करून देतो. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून त्याला मान वर करायला फुरसत नसते.

या माणसाला लहानपणापासून एकच नाद होता, रक्तपिपासूंचा. स्टेशनजवळच्या दुकानातून भाड्याने आणलेली भयकथेची पुस्तकं वाचत तो मोठा झाला. मोबाइलवर गोष्टी लिहायचं अॅप आलं तसा तो स्वतःही लिहू लागला. टोपणनाव घेतलं ‘कृष्णपक्ष’. हे फक्त मला माहीत होतं. बायकोला, छायावहिनींना, एवढंच ठाऊक की हे जेवण झाल्यावर मोबाइलवर काहीतरी टाइप करत बसतात.

पहिल्या मालिकेत त्याने बर्फातला किल्ला घेतला, काळा झगा घातलेला सरदार घेतला. वाचक मिळाले चाळीसेक. त्यातल्या एकाने खाली लिहिलं, ‘लेखकमहाशय, बर्फ कधी पाहिला आहे का?’ ते विनायकला फार लागलं. दोन दिवस तो माझ्याशी नीट बोलला नाही.

त्याच सुमारास छायावहिनी जाम नदीपलीकडे, सावरगावला, शिवणकाम करणाऱ्या वच्छलाताईंकडे साडीला फॉल लावून घ्यायला गेल्या होत्या. वच्छलाताई एकट्या राहायच्या. तिशी उलटल्यावर त्यांना असा आजार जडला की ऊन लागलं की चेहऱ्यावर लाल चट्टे उठायचे, ताप भरायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलं होतं. मग त्यांनी खिडक्यांना जाड काळं कापड लावलं, दिवसभर आत मशीन चालवायच्या आणि बाजाराला दिवस मावळताना निघायच्या, निळी छत्री घेऊन. आजार आपल्याला लागेल म्हणून लोक मागे सरायचे. त्यामुळे कोणाच्या दारी गेल्या तरी ‘या’ म्हटल्याशिवाय त्या उंबरा ओलांडत नसत.

घरी आल्यावर वहिनी विनायकला म्हणाल्या, “वच्छलाताईनं घरातला आरसा काढून पेटीत ठेवला म्हणते. आपलंच तोंड पाहवत नाही तिले. मलेच सांगतलं तिनं. तुम्ही कोणाजवळ बोलू नका.”

“मी कोणाले सांगून राहिलो?” विनायक म्हणाला.

आठ दिवसांनी ‘उन्हाआडची बाई’ सुरू झाली. नदीकाठचं गाव, काळ्या पडद्याचं घर, शिवणयंत्र, निळी छत्री. आरशात न दिसणारी, म्हणून घरातला आरसा पेटीत ठेवणारी, बोलावल्याशिवाय आत न येणारी मोहिनी. दिवसा ती गावाचे कपडे शिवायची आणि मापं घेताना कोणाची मान कशी आहे ते पाहून ठेवायची. त्याने फक्त नाव बदललं होतं.

गोष्ट चांगली होती, हे मला आजही म्हणावं लागतं. मीही दर भागाची वाट पाहत होतो. दुपारी डबा खाताना तो पुढचा भाग मला वाचून दाखवायचा आणि मी “मस्त जमलं” म्हणायचो. मोहिनी कोण आहे ते मला तिसऱ्या भागातच कळलं होतं. मी काही बोललो नाही. शेवटच्या भागात गाव तिला घरातून ओढून काढतं आणि भर दुपारी नदीच्या वाळूत उभं करतं. ती जळून राख होते. हजारो लोकांनी तो भाग वाचला. ‘बरं झालं, संपली एकदाची’ असं कितीतरी जणांनी खाली लिहिलं होतं. विनायक मला ते एकेक करून दाखवत होता.

मग कोणीतरी गोष्टीचे व्हिडिओ केले. मागे भीतीदायक संगीत आणि चित्रात जामचा पूल. सावरगावच्या लोकांना ओळखायला वेळ लागला नाही. गिऱ्हाइकं तुटली. काही पोरांनी नवाच खेळ काढला. समोरच्या गच्चीवरून आरशाने ऊन पाडायचं, थेट वच्छलाताईंच्या दारात. बाई जळते का ते पाहायला.

हे आम्ही ऐकून होतो. “चार दिवसांनी विसरतात लोक,” असं विनायक म्हणायचा.

एप्रिलमधल्या एका दुपारी वच्छलाताई तहसीलला आल्या. लांब बाह्या, हातमोजे, तोंडावर ओढणी, वर छत्री. शेडच्या कडेला उभ्या राहिल्या. विनायकने त्यांना पाहिलं आणि तो प्रिंटरमध्ये कागद लावत बसला. शेवटी मीच “या ताई” म्हटलं. त्या त्याच्यासमोर बसल्या.

“अर्ज लिहायचा होता, विनायकभाऊ. ठाण्यात द्यायचा आहे.”

“कोणाच्या विरोधात?”

“तीन पोट्टे आहेत, त्यायची नावं सांगते. आन् एक थो लिहिणारा. कृष्णपक्ष म्हणते त्याले. खरं नाव मले माहीत नाही, असं लिहा.”

मी विनायककडे पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि टाइप करायला लागला. त्या सांगत गेल्या. दाराशी पडणारं ऊन, हातावर उठलेले फोड, फॉल अर्धवट लागलेल्या, तशाच परत नेलेल्या साड्या. तो हिंदी करत गेला. ‘अज्ञात लेखक द्वारा मेरी छवि धूमिल की गई.’ प्रिंट काढून त्याने अर्ज वाचून दाखवला. वच्छलाताईंनी सही केली, “ठीक लिहिलं,” म्हणाल्या आणि छत्री उघडून निघून गेल्या.

“जा नं मागं. सांगून टाक,” मी म्हटलं.

“उद्या जातो सावरगावले,” तो म्हणाला. गेला नाही. त्या संध्याकाळी त्याने मालिका अॅपवरून काढून टाकली, पण व्हिडिओ काही त्याच्या हातात नव्हते. ठाण्यात पोरांना बोलावून दम दिला, आठवडाभर शांत गेलं, पुन्हा तेच. पावसाळ्याआधी वच्छलाताई घराला कुलूप घालून सौंसरला बहिणीकडे निघून गेल्या.

विनायकने बायकोला खरं सांगितलं ते त्यानंतर. वहिनी भांडल्या नाहीत. डिसेंबरमधल्या एका रविवारी त्याच म्हणाल्या, “चला सौंसरले. माह्यासमोर सांगा तिले.”

पुढचं मला विनायकने सांगितलं. ते पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. मागच्या खोलीत वच्छलाताई मशीनवर बसल्या होत्या. उभ्याउभ्याच तो म्हणाला, “ताई, थो कृष्णपक्ष मीच आहो.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“आरशाची गोष्ट मी एकट्या छायावहिनीले सांगतली होती. सातव्या भागात थे वाचली, तवाच समजलं.”

वहिनींनी पदर तोंडाला लावला. विनायकने विचारलं, “मंग अर्ज लिहायले माह्याचकडे काऊन आल्या?”

“म्हटलं, समोर जाऊन बसली तर माणूस सांगन. तुम्ही तं पूरा अर्ज लिहून देला. एक मात्रा चुकली नाही.”

वच्छलाताईंनी मशीन थांबवलं.

“सुरुवातीले चांगली लिहिली होती तुम्ही. थे दारात उभी राहते, कोणी या म्हणन म्हणून वाट पाहते. थे वाचून मी रडली. म्हटलं, कोणाच्या तरी ध्यानात आलं हे. मंग तुम्ही तिले रक्त प्यायले लावलं. आन् जाळली. लोकायनं खाली काय लिहिलं, वाचलं होतं का?”

“हो.”

“बरं वाटलं असन.”

“हो ताई. बरं वाटलं होतं.”

मग तो म्हणाला, “मी खरं काय थे लिहितो. बिमारी काय असते, तुम्ही कशा आहा, सारं. माह्या खऱ्या नावानं.”

“नको,” त्या म्हणाल्या. “आता माह्यावर काहीच लिहू नका. चांगलं बी नको.” मग बहिणीला हाक मारून त्यांनी चहा टाकायला सांगितला. माफीचं तो बोलला, त्यावर त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत.

विनायकने लिहिणं सोडलं. अॅपवर स्वतःचं खरं नाव टाकून ‘ही गोष्ट लिहिण्यात माझी चूक झाली, ती पसरवू नका’ एवढंच लिहिलं. त्याखाली वाचक अजून विचारतात, पुढची मालिका कधी. दुपारी डबा खाऊन झाला की तो व्हिडिओ शोधतो आणि एकेकावर तक्रार टाकतो. काही निघतात, काही राहतात, महिन्या-दोन महिन्यांनी एखादा नवा येतो. ते काम त्याने मला कधी करू दिलं नाही. मी दोनदा विचारलं होतं.

छायावहिनी अजूनही साड्या घेऊन सौंसरला जातात. संध्याकाळच्या बसने परत येतात. विनायक विचारतो, “कशा आहेत ताई?”

“बऱ्या आहेत,” वहिनी म्हणतात आणि स्वयंपाकघरात जातात. पूर्वी त्या बाहेरून आल्या की कोण भेटलं, कोण काय म्हणालं, सारं त्याला सांगत बसायच्या. आता सांगत नाहीत.