उत्रोलीच्या जंतूचा सत्कार

चिमाजींना म्हशीतलं कळतं, ही उत्रोलीतली सर्वमान्य गोष्ट. कासेला हात लावून कुठलं सड सुजणार ते सांगत. सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूबा त्यांच्या घरी कायम असत आणि निम्मी उरलेली ट्यूब टाकून देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. भातलावणीत पायाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, की उरलेलं औषध तिथे. फरक पडे. खाज थांबली की ट्यूब परत फडताळात.

दोन वर्षांपूर्वी मात्र थांबेना. पाय सुजला, पुण्याच्या इस्पितळात करंगळी काढावी लागली. डॉक्टरांनी विचारलं, "आधी काय लावलं होतं?" म्हशीचं औषध लावलं, हे पांढऱ्या कोटासमोर सांगायला चिमाजींची जीभ रेटेना. "हळद," ते म्हणाले. शेजारी उभ्या रतनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

जखमेतला जंतू संशोधनासाठी प्रयोगशाळेत गेला. तिथली संशोधक चैत्राली जवळच्या भोरचीच. औषध आत शिरलं की हा जंतू ते बाहेर फेकतो, वाफ्यातलं पाणी इंजिनानं उपसावं तसं. ते इंजिन दुसऱ्या औषधाने बंद पाडता येतं का, हे ती तपासत होती. कोडं एकच: चिमाजींनी कधीच न घेतलेल्या औषधालाही तो दाद देत नव्हता. हळदीवर विश्वास ठेवून तिने विहीर तपासली, ओढा तपासला, शेवटी, कोंबड्यांच्या खाद्यात औषधं असतात म्हणून, हनुमंताच्या पोल्ट्रीतलं खत पिशवीत भरून नेलं. त्या दिवसापासून हनुमंताची अंडी गावात कोणी घेईना. चिमाजी त्याच्या दारावरून जाणं टाळू लागले. लांबच्या बांधाने जात.

प्रयोगशाळेत त्या जंतूला गावाच्या नावाने ओळखतात, हे कळल्यावर तरुण मंडळाला अभिमान वाटला. जंतू कसा का असेना, नाव उत्रोलीचं होतं. शाल, नारळ, चैत्रालीचं भाषण असा सत्कार ठरला. चिमाजी नको नको म्हणाले. तो विनय समजला गेला.

देवळात सतरंजीवर गाव बसलं. चैत्राली म्हणाली, दोन औषधं एकत्र दिली तर काचेच्या बशीत जंतू मरतो. माणसाला द्यायला अजून अवकाश आहे. "पण तो इतका निर्ढावला कुठे, ते सापडत नाही. पोल्ट्रीत पुन्हा यावं लागेल."

"या की," हनुमंत म्हणाला. "गिऱ्हाईक तर कोन येत न्हाई. कोंबड्यांना तेवढीच सोबत."

लोक हसले. चिमाजींच्या खांद्यावर शाल पडत होती. ती त्यांनी हाताने थोपवली.

"ताई, हळद न्हवती. म्हशीची ट्यूब लावायचो मी. सडात सोडायची."

"एकदाच?"

"दर लावणीला."

"म्या तवाच म्हनलं व्हतं यास्नी, खरं सांगा," रतनबाई बायकांतून बोलल्या.

चैत्रालीने ट्यूबचं नाव विचारून घेतलं. "काका, हे दोन वर्षांपूर्वी सांगायचं होतं."

"व्हय."

"आणखी कोणी लावतं का?"

चिमाजींची मान वर होईना. गावाला शिकवलं त्यांनीच, ट्यूबाही त्यांच्याच.

"त्येस्नीच इचारा."

चैत्रालीने समोर पाहिलं. लावणी नुकतीच उरकली होती. एकेकाने पाय मांडीखाली ओढून घेतले. सगळ्यांत आधी हनुमंताने.