जोडीच्या गोळ्या

पडदा वर जातो. रंगमंचावरचा नव्हे; त्याच्या मागच्या खोलीचा, जिथे प्रेक्षक कधी येत नाहीत. डावीकडे इस्त्रीचं लांब टेबल, त्यावर तपकिरी डाग. उजवीकडे लोखंडी दांड्यावर राणी, भिकारीण, हवालदार आणि नवरी असे सगळे खांद्याला खांदा लावून लटकलेले. वरच्या झरोक्यातून दुपारचं ऊन आलंय. मधोमध खुर्चीत एक बाई, ओठांत टाचण्या धरलेली, दोन्ही हात कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवून बसली आहे. तिकडे घंटा होते. बाई हात बाहेर काढते, पुसते, मूठ उघडते, मिटते. अंगठा मिटत नाही. ती त्याच्याकडे असं बघते, जसं ऐन वेळी दारू पिऊन आलेल्या नटाकडे बघावं.

या बाईला आमच्या मंडळीत सगळे टाचणी म्हणत. कपडेपट तिच्याकडे. मी त्या मंडळीत आयुष्य काढलं: आधी नायिका, मग नायिकेची आई, मग सासू, शेवटी कोपऱ्यात खोकणारी आजी. नटीची बढती ही अशी उतरणीची. आणि या प्रत्येक पायरीवर माझ्या पाठीचे हूक टाचणीने लावले. निवृत्त झाले तरी दुपारी तिच्याकडे बटणं टाकायला जायची सवय सुटली नाही.

कपडेपटाचा तिचा एक कायदा होता. तिथे कुठलीही गोष्ट एकटी राहत नसे. हूक असो, पट्टा असो, नवरीची माळ असो, प्रत्येकाची जोड हवी. एक वापरायला, एक झाकून ठेवायला. "प्रेक्षक थांबत नाहीत, ताई," ती म्हणायची. "तुटलं की हात घातल्याबरोबर दुसरं मिळालं पाहिजे." या कायद्यामुळे आमचे कितीतरी प्रयोग वाचले. आणि याच कायद्याने तिला खड्ड्यात घातलं.

तिच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, किरणं झाली, आणि मग रोज एक गोळी, पाच वर्षं. अंगातलं जे हार्मोन त्या गाठीला खतपाणी घालतं, त्याला दाबून ठेवायची गोळी. तिने गाठीला दाबलं की नाही ते दिसत नव्हतं. टाचणीला मात्र दाबलं. सकाळी बोटं आवळलेली, जिना उतरताना गुडघे कुरकुरणारे, आणि मधेच अंगातून अशी वाफ निघायची की ती इस्त्री टाकून झरोक्याखाली उभी राहायची. "मी आणि इस्त्री, दोघी एकाच खटक्यावर," म्हणायची. पण एक दिवस चुकवला नाही.

पाच वर्षं झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता बंद. काही आठवडे अंग कुरकुर करेल, झोप मोडेल, घाम येईल, मन वरखाली होईल. मग हळूहळू उतरेल. दोनतीन महिन्यांत उतार पडला नाही तर या, बघू. टाचणीचा नवरा बसवर कंडक्टर. त्या माणसाने आनंदाच्या भरात भर बसमध्ये तिकिटं देता देता जाहीर केलं, "आमच्या मंडळींची गोळी बंद झाली!" अनोळखी प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. आम्ही पण वाजवल्या.

त्यानंतर टाचणी दिवसेंदिवस घट्ट होत गेली. शब्द मोजून बोलायची. कोणी शिट्टी वाजवली तरी खेकसायची. एकदा बाहीची उंची चुकली म्हणून रडली, ती बाई, जिने कात्री पायावर पडली तेव्हाही आधी कापड उचललं होतं. मी विचारलं की म्हणायची, "गोळीचं उतरतंय, ताई. उतरेल." पण उतरत नव्हतं. बोटं उलट जास्तच अडायला लागली होती.

मग तो दुपारचा प्रयोग. दुसऱ्या अंकात नायिका भिकारणीच्या लुगड्यात आत येते आणि अंधार होऊन उजेड पडेपर्यंत तिला राणीच्या झग्यात परत जायचं असतं. विंगेत एक दोरी ओढली की लुगडं खाली, झगा वर, पाठीवर हुकांची रांग. तेवढा अंधार टाचणीचा. इतकी वर्षं तिने तो कधी अपुरा पडू दिला नव्हता.

मी विंगेत स्टुलावर होते. झगा चढला. पहिला हूक लागला. दुसरा लागेना. मला तिचा श्वास ऐकू येत होता, आणि तिच्या कपाळावरून घाम झग्याच्या मखमलीवर टपकत होता. वाफ आली होती, नेमकी तेव्हाच.

"लावा ना, मावशी!" नायिका दातांतून म्हणाली.

"थांब."

"उजेड येतोय!"

"थांब म्हणते ना!"

उजेड आला. पोरगी हुशार, उघड्या पाठीने गेली आणि अख्खा प्रवेश प्रेक्षकांकडे तोंड करून, खेकड्यासारखी आडवी चालत केला. लोकांना वाटलं, राणीचा तोराच तसा. पण व्यवस्थापकाने बघितलं होतं. मध्यंतरात आला, खूप सभ्यपणे. "बाई, पुढच्या प्रयोगापासून तुम्ही नुसती इस्त्री बघा. विंगेत दुसरं कोणीतरी उभं राहील." टाचणीने मान हलवली. सभ्य माणसाशी भांडताही येत नाही.

तो गेल्यावर मी म्हटलं, झग्याला मोठे हूक लावू, बघू तरी. जोडीच्या हुकांचा डबा उघडला. वर हूक, खाली कागदाची घडी, आणि घडीखाली गोळ्यांच्या पट्ट्या. काही भरलेल्या, काही फोडलेल्या. आणि एका पुडीत अर्ध्या गोळ्या, कात्रीने नीट कापलेल्या.

"हे काय?"

"हूक."

"टाचणे, मी म्हातारी झालेय, आंधळी नाही."

ती खुर्चीत बसली. "जोड आहे ती, ताई. पाच वर्षं दर खेपेला थोडी जास्त आणून ठेवली. दुकानात संपली तर? म्हणून."

"आणि या फोडलेल्या?"

तिने हात परत भांड्यातल्या पाण्यात बुडवले. "रोज सकाळी ती गिळली की वाटायचं, दाराला कडी लागली. आता म्हणतात, कडी काढून टाका, जा, मजा करा. कशी करू मजा? घेते अर्धी. रोज नाही, प्रयोगाच्या दिवशी. एखाद्या दिवशी फारच वाटलं तर."

"डॉक्टरांना माहीत आहे?"

"वेड लागलंय का!"

"घरी?"

"ह्यांनी अख्ख्या बसला सांगितलंय. आता काय, पुढच्या स्टॉपवर त्यांना परत ओरडायला लावू?" मग आवाज अगदी खाली आला. "ताई, तीन महिने उलटून गेले. दुखणं उतरत नाही. आणि आता इथे, पाठीत, बरगडीपाशी पण दुखतं. ते परत आलंय. मला माहीत आहे."

"अगं, पण तू गोळी घेतेयस! मग गोळीचा त्रास उतरेल कसा?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच बावळट. "अर्ध्याने काय होतंय? अर्ध्या गोळीला काय गोळी म्हणतात?"

म्हणजे बघा, ही बाई एका हाताने त्रास घेत होती आणि दुसऱ्या हाताने तो त्रास दाखवून स्वतःला घाबरवत होती. मी खूप समजावलं. ती ऐकेना. शेवटी एवढंच कबूल केलं की सकाळी डॉक्टरांकडे जाऊ. "पण संवाद माझा," ती म्हणाली. "तुम्ही तोंड उघडायचं नाही. शपथ घ्या." मी घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच मुकी दासी झाले.

डॉक्टरीणबाई केस बारीक कापलेल्या, चटचट बोलणाऱ्या, पण डोळे रुग्णावरून न हलवणाऱ्या. टाचणीची बोटं एकेक करून वाकवून पाहिली, पाठीवर हात दाबला. ती दचकली.

"सकाळचं आखडणं?"

"आहे."

"वाफा?"

"आहेत."

"कमी?"

"तशाच."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "गोळी बंद होऊन इतके दिवस झाले, तरी काहीच फरक नाही. मग हे गोळीचं म्हणता येणार नाही. मला दुसरीकडे शोधावं लागेल. रक्त तपासू, हाडांचा स्कॅन करू, आणि सांधेवाल्यांकडे पाठवते. ते कदाचित वेगळं औषध सुरू करतील. गोळी पूर्ण बंद आहे ना?"

"हो."

समोरचा नट संवाद विसरला की हळूच कुजबुजून त्याला सावरायचं, हे माझ्या रक्तात आहे. त्या खोलीत मी जीभ दाताखाली दाबून धरली, इतकी की दुखली. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. टाचणीचा चेहरा पांढरा पडला होता. दुसरीकडे शोधावं लागेल. तिला त्यातलं एवढंच ऐकू आलं होतं. तिच्या नसलेल्या आजारावर आता नको ती औषधं सुरू होणार होती, आणि खरंच काही असेल तर तेही या खोट्याखाली दडणार होतं. मी तिच्या चपलेवर चप्पल दाबली. तिने पाय काढून घेतला.

कागद हातात घेऊन ती उठली. दारापाशी गेली. दाराची गोल मूठ धरली; अंगठा फिरेना. दुसऱ्या हाताने फिरवली, तोही घसरला. डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्या, "थांबा, मी उघडते."

"नको." टाचणी वळली. "डॉक्टर, मी खोटं बोलले."

तिने पिशवी टेबलावर उलटी केली. अख्खी जोड सोबत आणली होती: पट्ट्या, पुडी, वर दोन हूकही. डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं: किती, कधीपासून, कुठल्या दिवशी. टाचणी उत्तरं देत गेली.

"रागवा," शेवटी ती म्हणाली.

"बाहेर रांग आहे, नाहीतर रागावले असते." मग खुर्ची जवळ ओढून घेतली. "अर्धी असो नाहीतर पाव, अंगाला ती कळते. आज आली, उद्या नाही, परवा आली. अंगाला ना तिची सवय राहिली, ना तिच्याशिवायची झाली. म्हणून उतार नाही. आणि तुमची ती भीती... पाच वर्षं घेतलेल्या गोळीचा आधार शेवटची गोळी घेतल्या दिवशी संपत नाही. पुढेही बराच काळ तो राहतो. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही. पाठीचं मात्र आजच बघायचं. ते वाकून शिवण्याचं असेल, पण अंदाजावर सोडणार नाही."

पट्ट्या त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकल्या. टाचणी ड्रॉवर बंद होईपर्यंत त्याच्याकडे बघत होती.

स्कॅन झाला. निकाल दुसऱ्या दिवशी मिळणार होता. संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. मी तिथेच होते. तो गणवेशातच जिन्याच्या पायरीवर बसला, तिकिटांची पेटी मांडीवर.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बसला सांगितलं असतं."

त्याला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी काढली आणि दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. दार उघडायचं, दुसऱ्याच कोणाचं नाव घ्यायचे, आणि आम्ही तिघं एकदम श्वास सोडायचो. अखेर आत बोलावलं. हाडात काही नव्हतं. स्नायू आवळला होता, वाकून वाकून. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि टाचणी त्याच्या सदऱ्याच्या उसवलेल्या शिवणीवर बोट फिरवत राहिली.

यानंतर सगळं सोपं झालं असं म्हणून पडदा पाडायला मला आवडलं असतं. पण पुढचे आठवडे वाईट गेले. आता खरंच काही घेत नव्हती. वाफा आल्या, झोप गेली, एका दुपारी तिने मला "उगाच डबा उघडलात" असंही ऐकवलं. नवरा रोज तिला चालायला न्यायचा. ती पुढे, तो मागे, दोघं भांडत. झग्याचे हूक काढून तिने मोठी टिचबटणं लावली, ज्यांना ती जन्मभर आळशांची कामं म्हणत आली होती. मग कधीतरी बोटं सकाळी लवकर सुटायला लागली. अंगठा मात्र अजून हट्टी आहे. व्यवस्थापकाने तिला विंगेत परत घेतलं. आता नायिकेच्या पाठीशी ती आणि दुसरी एक जण, दोघी असतात.

परवा तपासणीला मी पुन्हा सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं पाहून फाईल बंद केली आणि विचारलं, "आणि भीती? ती गेली का?"

टाचणी उठता उठता म्हणाली, "कुठली जातेय! पण आता घरी ह्यांना सगळं सांगते, डॉक्टर. हे माझ्यापेक्षा जास्त घाबरतात. त्यांची समजूत काढता काढता माझी निम्मी होते."