मास्तरांची कापडाची कात्री

आमच्या समोरच्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात. त्यांच्या जिभेला कात्रीइतकीच धार. मी गल्लीचा भोंगा. कोणाकडे काय शिजतंय ते मला त्या घरच्यांच्या आधी कळतं. माझी विजार उसवली की मास्तर म्हणायचे, "भोंग्या, दोष शिलाईचा नाही, पोटाचा आहे."

मग मास्तरांना कंपवात जडला. आधी उजवा अंगठा, मग अख्खा हात. मशीनवर चादर पडली. चेहरा लाकडासारखा झाला, आवाज घशातच राहू लागला. "आजारच तसा आहे हो, तोंडावर काही उमटत नाही," मास्तरांच्या बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या. मीही चार घरी तेच वाटत फिरलो. मास्तर जेवत नाहीत, आंघोळीला उठत नाहीत, नातीचा फोन घेत नाहीत, सगळं खापर आम्ही त्या थरथरीवर फोडलं.

मंगळवारी दुपारी वहिनी भाजीला गेल्या होत्या. मी डोकावलो. मास्तरांनी मोठी कात्री माझ्यापुढे सरकवली.

"घेऊन जा. तुलाच राहू दे."

ही त्यांच्या गुरूची कात्री. चाळीस वर्षांत वहिनींनीही तिला हात लावला नव्हता. कागद तर वर्ज्यच. कागद कापला की कापडाच्या कात्रीची धार मरते. एका गिऱ्हाइकाने या कात्रीने पावतीचा कोपरा कापला, तेव्हा मास्तरांनी त्याला अर्ध्या शिवलेल्या कोटासकट बाहेर काढलं होतं.

मला खोडी सुचली. वर्तमानपत्र उचललं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत करकर कापत सुटलो. एक रकाना. दोन. आता शिवी येईल, मग येईल.

"काप," ते म्हणाले. "आता काय फरक पडतोय."

माझं हसू जागीच थिजलं. चेहरा तोच, लाकडी. भिंतीपलीकडचं ऐकणारा मी, पण समोर बसलेल्या माणसाचं मला इतके महिने काही ऐकू आलं नव्हतं. कात्री पाठीमागे धरली.

"मास्तर, खरं सांगा. मरायचं डोक्यात येतं का?"

विचारलं आणि वाटलं, जीभ झडली असती तर बरं. पंखा फिरत होता. त्यांचा हात गुडघ्यावर टकटक करत होता.

"रोज," ते म्हणाले.

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. एक विनोद आठवेल तर शपथ. दारात वहिनींच्या चपला वाजेपर्यंत हललो नाही.

"वहिनी, पिशवी ठेवा. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे."

"भाऊजी, हे काय नवीन नाटक..." माझं तोंड बघून त्यांनी पिशवी दारातच टाकली.

डॉक्टर आमच्यावरच उखडल्या. "दर खेपेला हाताचं सांगता. मनाचं कोणी सांगितलंच नाही! ही उदासीही याच आजारातून येते, आणि तिच्यावर उपचार आहेत."

नवी गोळी सुरू झाली. दर आठवड्याला समुपदेशकाकडे जाणं सुरू झालं. वहिनी सावलीसारख्या सोबत. कात्री माझ्या कपाटात, कुलपात. महिनाभराने डॉक्टरांना विचारून ती घेऊन जाऊ लागलो; रोज मास्तरांसमोर एक पान कापायचं आणि परत न्यायची. चेहरा रोज लाकूडच.

सातव्या आठवड्यात पान अर्धं कापून झालं होतं.

"गाढवा." आवाज एवढासा. "धार घालवलीस तिची."

"लावून आणू?"

"तू नको. तुझ्या हातात विळीसुद्धा कंटाळेल."

वहिनी उलथनं घेऊनच धावत आल्या. "काय झालं?"

"शिवी दिली," मी म्हणालो. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, बातमी आधी कोणाच्या दारात न्यावी ते मला सुचेना.