मसुराच्या आमटीवर गेलेलं थोरलेपण

मी चौथी शिकलो. बायबलावर बोलायचा मला अधिकार नाही, असं कोणाला वाटत असेल तर वाटू दे. मी बोलणार.

इकडे आखातात, हिद्दच्या कामगार कॅम्पात मी सुतार. शेजारच्या खोलीत युगांडाचा वॉचमन. शुक्रवारी त्याच्या देशाची माणसं तिथं बायबल वाचायला जमत. त्या दिवशी पलीकडच्या जनाबिया वस्तीतून एक शिकलेले साहेब, आपल्याच देशाचे, शिकवायला आले होते. बोलत इंग्रजीत, पण तेवढं मला इतक्या वर्षांत कळतं. मी समोरच्या किचनात कांदा चिरत होतो.

गोष्ट साधी. थोरला भाऊ शिकारीहून उपाशी आला. धाकटा मसुराची आमटी शिजवत बसलेला. म्हणाला, आधी थोरलेपणाचा हक्क मला दे, मग जेव. थोरल्यानं दिला.

"चूक कोणाची?" साहेबांनी विचारलं.

सगळी खोली ओरडली, "धाकट्याची!"

साहेब गोरेमोरे झाले. "अहो, पोटासाठी हक्क विकला तो थोरल्यानं! पुस्तकात दोष त्यालाच आहे."

"असेल," वॉचमन म्हणाला. "आमच्याकडे शिकारीहून आलेल्याला आधी वाढतात. उपाशी भावाशी सौदा करणाऱ्याच्या घरात आम्ही मुलगी देत नाही."

मी सुरी हातात घेऊनच दारात गेलो. "बरोबर बोलतोय तो."

"चाचा, तुम्ही हिंदू," साहेब म्हणाले. "तुम्हाला यातलं काय कळणार?"

"मला नाही तर कोणाला? तो थोरला मीच आहे."

खरंच सांगतो. इकडे यायला एजंटाचे पैसे हवे होते, तेव्हा माझ्या धाकट्यानं आधी कोकणातलं घर नावावर करून घेतलं, मग पैसे दिले. गावानं खुळा मलाच म्हटलं. त्या घरात मी परत पाऊल टाकलं नाही. आता त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, रोज फोन येत होता आणि मी उचलत नव्हतो.

साहेब गेल्यावर वॉचमन म्हणाला, "चाचा, गोष्ट पुढे आहे. बऱ्याच वर्षांनी धाकटा परत येतो, तर थोरला धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. तूपण धाव."

"माझे गुडघे दुखतात. धाकटा काय करतो ते सांग."

"तो आधी सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो."

"आधी ना? मग खलास, ठरलं."

संध्याकाळी फोन आला तेव्हा उचलला.

"दादा, येशील ना रे?"

"येतो. पाहुणा म्हणून नाही. घर तुझ्याच नावावर राहू दे, मला नको. पण लग्नात देवापुढे गाऱ्हाणं थोरल्याचा मान म्हणून मी घालणार, सगळ्या गावादेखत. आणि थोरला हा आहे, हे तू तोंडानं सांगायचंस. जमत नसेल तर फोन ठेव."

त्यानं फोन ठेवला नाही.

"सांगेन, दादा," तो म्हणाला. "न्यायला येऊ का विमानतळावर?"

"ये. गळ्यात पडायचं की नाही, ते मी तिथं बघेन."