अप्पाची गार बोटं

सन दोन हजार सव्वीस. शिवलिंगअप्पाला एकाहत्तरावं चालू होतं आणि मला पंचाहत्तरावं. मी गव्हाला शेवटचं पाणी देत होतो, तेव्हा त्याचा मुलगा शिवराज मोटारसायकल बांधावर आडवी टाकून पळत आला. मी रानात फोन नेत नाही हे त्याला ठाऊक होतं. "काका, अप्पा गेले... जेवले, खुर्चीत बसले, अन् गेले." मी पाण्याची मोटार बंद केली, पायाचा चिखल धुतला आणि त्याच्या मागं बसलो. बोरीत पोचलो तर अंगणात त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणं अप्पाला बसता केला होता. कपाळाला विभूती, गळ्यात हार, हात मांडीवर. मी जवळ जाऊन त्याचा उजवा हात धरला आणि दचकलो. हात गरम होता. अंगणात ऊन येत होतं, उन्हानंच तापला असणार, एवढं मला कळतं. पण ज्या माणसाची बोटं गरम व्हावीत म्हणून मी इतके हिवाळे डोकं लढवलं, त्याचा हात मला गरम लागला तो हा असा...

त्याला आता बरेच दिवस झाले. लोक म्हणतात रडून मोकळा हो. रडायचं ते रडलो, पण डोक्यात दुसरंच काहीतरी फिरतंय. थंडी बोटांतच आधी का शिरते? पोट तर बोटांपेक्षा मोठं, त्यात का शिरत नाही? अप्पा असता तर यावर दिवसभर बोललो असतो. तो नाही म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी तिसरीपर्यंत, तेव्हा अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाचा.

अप्पाचा बोरीच्या बाजारात फोटोचा स्टुडिओ होता. आसपासच्या गावांत एका काळात जेवढी लग्नं लागली, त्या सगळ्यांच्या मांडवात हा माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून उभा होता. "वहिनी, मान वर. अहो पाव्हणे, जरा हसा की, पोरगी देयलात, रान देत न्हाईत." असं बोलून रुसलेल्या व्याह्यालासुद्धा हसवायचा. हात मात्र दगडासारखा स्थिर. सकाळी आंघोळ करून डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायचा, तेव्हाही मी त्याला पाहिलंय. नजर लिंगावर, आणि हात असा की वर पाणी ठेवलं तरी हलू नये. पुढं सगळ्यांच्या हातात मोबाईल आले. शिवराजनं स्टुडिओच्या जागी मोबाईलचं दुकान टाकलं. अप्पानं वाद घातला नाही. परभणीला जाऊन लांब नळीचा जुना कॅमेरा घेऊन आला आणि एका पहाटे माझ्या रानात येऊन उभा राहिला.

माझं रान तलावाला लागून आहे. हिवाळ्यात तिथं करकोचे उतरतात. राखी रंगाचे, काळ्या गळ्याचे, उंच पायांचे पक्षी. रात्र पाण्यात उभ्यानं काढतात आणि दिवस उगवला की हरभऱ्यात शिरतात. माझ्या हरभऱ्यात. म्हणून मी रोज पहाटे पत्र्याचा डबा बडवत जायचो. त्या दिवशी अप्पानं माझ्या हातातला डबाच धरला.

"बापू, हाकलू नको."

"कामून? तुझे पाव्हणे हायेत का?"

"त्यांना त्यांच्या मनानं उडू दे. एक डाव बघू दे मला."

मी ऐकणाऱ्यातला नाही, पण त्याचा हात माझ्या हाताला लागला आणि मी डबा खाली ठेवला. इतका गार हात मी जित्या माणसाचा पाहिला नव्हता. बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडली होती. मी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. परभणीच्या डॉक्टरनं तपासलं होतं. गारव्यात त्याच्या बोटांपर्यंत रक्तच पोचत नव्हतं. आधी पांढरी पडायची, मग निळी, मग काहीच कळायचं नाही. डॉक्टर म्हणाला होता की थंडीत बाहेर पडू नका, बोटं हातची जातील. आणि याला पाहिजे होता एकच फोटो. सूर्य वर येताना सगळा थवा एकदम पाणी सोडतो, तो क्षण. तो क्षण नेमका गारठ्यातलाच.

"जल्मभर दुसऱ्याच्या मांडवात उभा राहिलो, बापू. ते म्हणतील ते टिपलं. एक फोटू माझ्या मनाचा काढायचाय. बोटं हायेत तवरच."

मी म्हणालो, "मी दाबतो बटन. त्यात काय हाय एवढं?"

"मग फोटू तुझा व्हईल," अप्पा म्हणाला, आणि तो विषय तिथंच संपला. शिवराज म्हणायचा की कॅमेऱ्याला घड्याळ लावता येतं, आपोआप फोटो निघतो. त्यावर अप्पाचं उत्तर, "मग कॅमेऱ्यालाच एकटं पाठीव रानात, मी घरी झोपतो."

तेव्हापासून त्याच्या बोटांची फिकीर मला लागली. पहिल्या वर्षी मी तुराट्यांची शेकोटी केली. अप्पानं हात शेकले, बोटांना रंग आला, मीही खूश. मग कॅमेऱ्याला हात लावून पाहिला तर तो लोखंडासारखा गार. एवढं गार यंत्र धरल्यावर बोटं पुन्हा मरणारच, हा माझा हिशोब. मी तो कॅमेरा माझ्या घोंगडीत घेतला आणि छातीशी धरून बसलो. पूर्वेला लाली आली, थवा बोलायला लागला, अप्पानं घाईनं कॅमेरा ओढला... आणि काचेवर दव. पुसलं तरी पुन्हा दव. सगळे करकोचे डोक्यावरून गेले आणि फोटोत नुसता पांढरा पडदा. अप्पाचं म्हणणं, माझ्या घोंगडीच्या उबेनं काच घामेजली. माझं म्हणणं, त्या दिवशी धुकं होतं. माझं म्हणणं अजूनही तेच आहे.

पुढच्या वर्षी त्यानं परभणीहून लोकरीचे हातमोजे आणले. ते घातल्यावर बटण बोटाला लागेना. जमिनीचे, स्वतःच्या बुटाचे आणि माझ्या पाठीचे ढीगभर फोटो निघाले. मग मी कात्रीनं एका बोटाचं टोक कापलं. झालं काय, बाकी सगळी बोटं उबेत आणि ज्याचं काम होतं तेवढंच एक उघड्यावर. वहिनीनं, म्हणजे अप्पाच्या बायकोनं, ते मोजे पाहिले आणि विचारलं, "उंदरानं खाल्ले का भावजींनी?" तिनंच मग रताळ्यांची युक्ती काढली. चुलीतल्या आरात भाजलेली रताळी फडक्यात गुंडाळून दोन खिशांत दोन. हे मात्र जमलं. हात खिशात, रताळं हातात, अप्पा सुखात. पण करकोचे उशिरा उठायचे आणि आम्हाला भूक लवकर लागायची. थवा बोलायला लागायच्या आधी आम्ही शेक खाऊन बसलेलो असायचो, आणि अप्पाची बोटं गार ती गार, वर चिकट.

असे हिवाळे गेले. दर हिवाळ्याला बोटं आधीपेक्षा लवकर पांढरी पडायला लागली. मागच्या हिवाळ्यात तर जेवताना भाकरी मोडायला त्याला डाव्या हाताची मदत घ्यावी लागायची.   पण यंदाच्या पौषात लय गारठा पडला तसा तो दुसऱ्याच पहाटे हजर. वहिनीनं मला आदल्या दिवशीच बजावलं होतं, "भावजी, ह्या वर्साला त्यांना परत पाठवा. बोटं काळी पडलेली बगायची न्हाईत मला." मी हो म्हणालो होतो. पण तो बांधावर येऊन बसला, तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा बसवायला लागला, आणि मला परत जा म्हणणं जमलं नाही.

उजाडायला अवकाश होता. आम्ही तुरीच्या आडोशाला बसलो. पाण्यात करकोचे उभे. मी ते इतकी वर्षं पाहत आलोय, पण त्यांचे पाय त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. काडीसारखे उघडे पाय, बर्फासारख्या पाण्यात. ते कसे गारठत नाहीत? मी निरखायला लागलो. सगळे एका पायावर उभे होते. दुसरा पाय वर घेऊन पोटाच्या पिसांत दडवलेला. मधूनच एखादा पाय बदलायचा. गारठलेला आत, शेकलेला खाली.

मी अप्पाचा उजवा हात धरला, माझ्या सदऱ्याखालून बंडीत घातला आणि उघड्या पोटावर दाबून धरला.

"आरं! काय करायलास?"

"गप बस. बेडूक घातल्यावानी वाटायलंय मला, मी बोललो का?"

"कुणी बघितलं तर काय म्हनंल, बापू..."

"करकोचे बघतील. हसू नको, हात हलायलाय पोटावर तुझ्या हसण्यानं."

दोन म्हातारे तुरीत बसलेले आणि एकाचा हात दुसऱ्याच्या पोटावर. मला वासरांना, करडांना असं पोटाशी धरायची सवय आहे. माणसाला कधी धरलं नव्हतं. बराच वेळ त्याचं बटणाचं बोट मेलेलं होतं. मग जरा हललं. मग त्यानं मला चिमटा काढला, तेव्हा कळलं की जीव आला.

तेवढ्यात थवा बोलायला लागला. अप्पा हात काढायला बघतोय आणि मी मनगट सोडत नाही.

"सोड, बापू. उठायलेत ते."

"आजून न्हाई."

"जातील, सोड म्हनतो ना!"

"एका पायावर हायेत आजून. एका पायावर कोण उडतं?"

त्याची नजर कॅमेऱ्यावर होती, माझी पायांवर. हात आधी काढला असता तर वाऱ्यानं बोट पुन्हा मेलं असतं. उशिरा काढला तर थवा गेला असता.  इतक्या वर्षांत मला कळलं नव्हतं की तो फोटो मलाही पाहिजे होता. पाण्याच्या काठावर लाल रेघ उमटली. एकानं दडवलेला पाय खाली सोडला. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी... माना वाऱ्याकडं वळल्या. मी मनगट सोडलं. अप्पाचा हात बंडीतून निघाला तो सरळ बटणावर.

पंखांच्या आवाजात मला कॅमेऱ्याचा आवाज ऐकूच आला नाही. सगळं शांत झाल्यावर अप्पानं मागच्या छोट्या काचेवर पाहिलं. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं.  मग त्यानं कॅमेरा माझ्याकडं वळवला. सगळा थवा हवेत, खाली लाल पाणी, आणि एक करकोचा तेवढा मागं राहिलेला, त्याच्या पायाचं टोक अजून पाण्यात.

"ह्याला उशीर झाला वाटतं," मी म्हणालो.

"त्याच्यामुळंच फोटू हाय," अप्पा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. हात त्यानं आपणहून माझ्या बंडीत परत घातला.

घरी सोडायला गेलो तेव्हा वहिनीसमोर मी त्याला ठणकावलं, "झाला ना फोटू? आता पहाटेचं रान बंद. डॉक्टरचं ऐक." त्यानं मान हलवली. वहिनीनं देवापुढं साखर ठेवली. मलाही वाटलं की सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलावाकडं गेलो तर अप्पा बांधावर बसलेला. अंगावर शाल, दोन्ही हात स्वतःच्या काखेत. कॅमेरा नव्हता.

मी भडकलो. "काल काय कबूल केलंस? अन् आता इथं काय करायलास? कॅमेरा कुठाय?"

"घरी," तो म्हणाला. "एक डोळा मिटूनच बघितलं रे सगळं. आज दोनी डोळ्यांनी बघायचंय."

मी शेजारी बसलो. थवा उठला, आमच्या डोक्यावरून गेला, वालूर गावाच्या अंगाला वळला. "रोज तिकडं कुठं जात असतील?" अप्पानं विचारलं. मला माहीत नव्हतं. माझ्या हरभऱ्यापलीकडं मी कधी विचारच केला नव्हता. तो उठला, शाल आवळली आणि त्यांच्या मागं बांधाबांधानं चालायला लागला. मी ओरडलो, "आरं, ते उडायलेत, तू कुठं गाठणार?" तो थांबला नाही. मागं न बघता, एक हात शालीतून बाहेर काढून त्यानं मला बोलावलं, आणि मीही निघालो.