तहानेवर घेतलेली मतं

या आठवणीत मी कुणाचंच नाव घेणार नाही. काहींची नातवंडं अजून कंधारात राहतात. आणि ज्या विचारवंताच्या पुस्तकानं मला माणसात आणलं, त्यांचं नाव मराठी वाचकाला मी सांगायला नको.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. मी बावीस वर्षांचा, सरकारी शाळेत मास्तर. शाळेत शिकवायचं उर्दूत, घरी बोलायचं मराठीत. चार माणसं एकत्र बसायची म्हटली तरी कचेरीची इजाजत लागायची. तशी इजाजत काढून आम्ही कंधारच्या बाजारातल्या एका माडीवर मराठी वाचनालय चालवत होतो. दोन खोल्या, एक सतरंजी आणि पुण्या-मुंबईहून शिळी होऊन येणारी वर्तमानपत्रं. अध्यक्ष होते कापडाचे एक लिंगायत व्यापारी, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. सगळे त्यांना अप्पा म्हणत. चिटणीस मी.

आमच्या सभासदांत एक देवी डॉक्टर होते. देवीची लस टोचणारे सरकारी नोकर. जन्म महारवाड्यातला, शिक्षण औरंगाबादेत. आमच्यापैकी कुणाहूनही त्यांचं वाचन जास्त. सतरंजीच्या कडेला बसून ते अग्रलेख वाचून दाखवत आणि आम्ही माना डोलवत ऐकत असू. त्यांच्या पाण्याचं मडकं मात्र दाराबाहेर वेगळं ठेवलेलं असे. ते कुणी ठेवलं, केव्हा ठेवलं, मी कधी विचारलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात ते नायगावाकडची खेडी करून दुपारी थेट वाचनालयात आले. बाहेरचं मडकं कोरडं होतं. ते आत आले, माठातून तांब्याभर पाणी घेतलं आणि प्याले. दोघा-तिघांनी पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

माझ्या डोक्यात एक कल्पना आली आणि मला तिचा फार अभिमान वाटला. म्हटलं, भांडायचं कशाला? मतं घेऊ. आमच्या राज्यात कुणी कशावर मत दिलेलं नव्हतं. आम्ही देऊन दाखवू. शुक्रवारी, निजामी सुट्टीच्या दिवशी, सभा भरली. अरुंद तोंडाचा एक लोटा मधे ठेवला. माठ सगळ्यांना एक असावा असं वाटेल त्यानं ज्वारीचा दाणा टाकायचा, वेगळा असावा वाटेल त्यानं तुरीचा. गुप्त मतदान! अठरा सभासद. डॉक्टरांनी दाणा घेतला नाही. मी लोटा सतरंजीवर उपडा केला. ज्वारी सहा, तूर अकरा.

“बहुमतानं ठरलं,” मी म्हणालो. माझा दाणा ज्वारीचा होता, त्यामुळे माझं मन स्वच्छ होतं.

डॉक्टर उठून उभे राहिले. आवाज चढवला नाही. “मास्तर, एक विचारू? तहान मला लागते. तिच्यावर मतं तुम्ही कशी काय घेऊन राहिले?”

“पण डॉक्टरसाहेब, लोकशाहीत…”

“कोणतं वर्तमानपत्र घ्यायचं, त्याच्यावर मतं घ्या. मी बी टाकीन दाणा. मी माणूस हाय का न्हाई, हे अकरा जण ठरवणार काय? आन् सतराच्या सतरा दाणे माझ्या बाजूनं पडले असते, तरी ते त्यांचं देणं झालं असतं. माझं नव्हं.”

त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं, कव्हर उतरलेलं. माझ्या हातात दिलं, म्हणाले, “सवडीनं वाचा,” आणि जिना उतरून गेले.

मी ते तळ्याच्या काठी बसून वाचलं. एकदा वाचलं, मग परत वाचलं. अशा प्रकारे लिहिणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. राग होता, पण त्याला वकिलासारखी शिस्त होती. ते लिहीत होते की मतपेटी म्हणजे लोकशाही नव्हे. शेजाऱ्याला आपल्यासारखा माणूस मानायची सवय आधी लागते, मग मतपेटीला अर्थ येतो. बहुमतही जुलूम करू शकतं, आणि जातीच्या समाजात तर बहुमत जन्मानंच ठरलेलं असतं. माझी ज्वारी मला वाचवू शकत नव्हती. लोटा मधे ठेवणारा मीच होतो.

पुढच्या शुक्रवारी मी सभेत सांगितलं, “मागच्या वेळी मतं घेतली ती माझी चूक. तो ठराव मी वहीतून काढतोय.”

एकच गलका झाला. अप्पांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “मास्तर, मतं तुम्हीच घेतली, आता तुम्हीच मोडता? मग निजामात आन् तुमच्यात फरक काय?”

प्रश्न बिनतोड होता. मी म्हणालो, “अप्पा, आपला हक्क मी मोडत न्हाई. हा हक्क आपला कधी नव्हताच.” बाहेर जाऊन डॉक्टरांच्या मडक्यात पाणी भरलं, आत आणलं आणि सगळ्यांसमोर प्यालो. पाच जण तिथूनच उठून गेले.

माझ्या आधी बातमी घरी पोचली. आईनं ओसरीवर माझं ताट वेगळं मांडलं आणि वरून भाकरी टाकली. सव्वा महिना मी तसा जेवलो. पहिल्या दिवशी मला हुतात्मा झाल्यासारखं वाटलं. दहाव्या दिवशी रडू आलं. आणि डॉक्टरांना लोकांनी जन्मभर असंच वाढलंय, हे त्या ओसरीवर मला पहिल्यांदा कळलं.

एके दिवशी अप्पा शाळेत आले. पुस्तक मागून नेलं. आठवड्यानं परत आणलं तेव्हा म्हणाले, “आमच्या शरणांनी, संतांनी, आठशे वर्षांमागं हेच सांगितलं की. रोज त्यांची वचनं म्हणतो मी. आन् लोट्यात तूर टाकली.” त्याच आठवड्यात बैलगाडी जुंपून ते माझ्याबरोबर नायगावाला आले. डॉक्टरांची तिकडे बदली झाली होती. अप्पांनी त्यांच्या घरी चहा घेतला, माफी मागितली. डॉक्टर म्हणाले, “येईन मी. पण आता उपकार म्हणून बोलावू नका.” ते आले, दोनदा. मग निजामाविरुद्धच्या लढ्याच्या धामधुमीचे दिवस आले आणि वाचनालयच बंद पडलं.

निजामाचं राज्य गेलं. देशाला घटना मिळाली. मूलभूत हक्कांची कलमं मी पहिल्यांदा वाचली तेव्हा डॉक्टरांचाच आवाज ऐकू आला: काही गोष्टी मतांच्या पलीकडे ठेवलेल्या होत्या. लातुरात पुढे तीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं. त्या विचारवंतांचे पुतळे चौकाचौकांत उभे राहिले, जयंत्या झाल्या. मला मात्र ते पुतळ्यापेक्षा प्रश्न विचारणारे जास्त वाटतात. दर पिढीला विचारतात, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत.

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीची बैठक होती. ‘कोणत्या लोकांना’ घर भाड्यानं द्यायचं नाही, यावर हात वर करायचे होते. मी काठी टेकत उभा राहिलो आणि म्हणालो, यावर मतं घेताच येत नाहीत. तरुण सेक्रेटरी नम्रपणे म्हणाला, “काका, पण बहुमत आहे.” मी त्याला शेजारी बसवलं आणि कंधारची ही सगळी हकिगत सांगितली. विषय त्या दिवशी पुढे ढकलला गेला, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी आला आणि दारातच म्हणाला, “काका, ते पुस्तक कुठं मिळेल?”